सर्जाच्या कानातला गोंडा

कोंडाजीनं चामड्याच्या पट्ट्यात आरी खुपसली, पलीकडून बोटभर ओढून काढली आणि भोकातून उजेड दिसतो का ते एक डोळा मिटून पाहिलं. मग तो म्हणाला,

"आता जे सांगणार हाय ते तुमच्यातल्या एकालाबी खरं वाटायचं न्हाई. ज्याला वाटंल त्यानं उठून घरी जावं. त्याचं डोकं ठिकाणावर न्हाई."

कुणी उठलं नाही. पिराजी धनगर काठीवर हनुवटी टेकून आणखी पुढं सरकला. कोंडाजीच्या थापा ऐकायच्या म्हणजे जवळून ऐकाव्यात, लांबून त्या खऱ्या वाटतात, असं तो नेहमी म्हणायचा.

चिंचेखाली माणसं होती पंधरा-वीस आणि जनावरं त्याच्या तिप्पट. पलीकडं लाकडी खोड्यात एकेक जनावर अडकवून वाल्मीक, गुरांचा सरकारी डॉक्टर, टोचत होता. त्याच्या पायाशी भुसा भरलेली पेटी होती. पेटीत बर्फ आणि बर्फात लसीच्या कुप्या. पानशेतचं धरण फुटून अजून वर्ष झालं नव्हतं, आणि आता नदीपलीकडच्या वाडीत बुळकांड्या आला होता. तिथं गुरांच्या डोळ्यांना धार लागली होती, तोंडं आतून सोलून निघाली होती, आणि पाण्यासारख्या हगवणीनं चार-सहा दिवसांत उभी जनावरं आडवी होत होती. वाडीच्या वाटेवर बोरीचं काटवण टाकून ती बंद केली होती. नदीवर गुरं न्यायची नाहीत अशी दवंडी झाली होती. राहिलं होतं ते टोचणं. बर्फ दुपारपर्यंत टिकेल, मग मी पुढच्या गावाला, परत कधी ते माझ्या हातात नाही, असं वाल्मीकनं सकाळीच सांगून टाकलं होतं.

रांगेत सगळ्यांची जनावरं होती. रंभाबाईची कालवड हरणी तेवढी नव्हती.

रंभाबाई वीस पावलांवर, चावडीच्या कोपऱ्याला उभी होती. हरणीचं दावं तिनं मनगटाला तीन वेढे गुंडाळलं होतं. ती इथवर आली हेच पुष्कळ, असं लोक म्हणत होते. सरपंच जयसिंगानं तिला तीनदा सांगून पाहिलं. ती एवढंच म्हणाली, की एकदा सरकारच्या सुईवर भरवसा ठेवला, तो पोटभर झाला. मग जयसिंग कोंडाजीकडं गेला. रंभाबाई कोंडाजीच्या धाकट्या भावाची, नथूची बायको. नथू गेला त्या सालापासून तिची दोन खाचरं कोंडाजीच नांगरत आला होता, आणि भात झोडपलं की तिच्या वाट्याची पोती आधी तिच्या दारात उतरवत होता. गावात थापाड्या म्हणून त्याचं नाव होतं. पण रंभाबाईच्या उंबऱ्यात थाप मारल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"आबा, ती तुमच्याबिगर कुणाचं ऐकायची न्हाई," जयसिंग म्हणाला होता. "तुमी सांगा काय ते."

सांगायचं तरी कसं? थोरल्या दिरानं भावजयीशी चारचौघांत बोलायचं नाही, आणि तिनं तर त्याच्यासमोर डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही. घरात काही विचारायचं झालं तरी दोघांच्या मध्ये कोंडाजीची बायको धोंडाबाई असायची. तेव्हा कोंडाजीनं केलं ते असं : दुरुस्तीला काढलेला घुंगरांचा पट्टा मांडीवर घेतला, आरी काढली, चिंचेच्या मुळीवर बसला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात गोष्ट सुरू केली. बघत होता पिराजीकडं. सांगत होता चावडीच्या कोपऱ्याला.

गोष्ट सर्जाचीच होती. दुसरी कुठली असणार?

पाच वर्षांमागं याच दिवसांत हाच रोग तालुक्यात फिरत होता, आणि हाच वाल्मीक पहिल्यांदा गावात आला होता. तेव्हा पोरसवदा होता, मिशीसुद्धा नीट नव्हती. कोंडाजीचा गोठा आणि रंभाबाईचा गोठा म्हणजे एकच छप्पर, मध्ये कुडाची भिंत, तीही कंबरेएवढी. भिंतीच्या अलीकडं रंभाबाईची कपिली गाय, आठवा महिना लागलेली. पलीकडं कोंडाजीचा सर्जा, शर्यतीचा बैल. वाल्मीकनं कपिलीच्या पोटाला हात लावून पाहिला होता आणि म्हणाला होता, की बाई, हिला टोचता यायचं नाही, पोटातलं जाईल. पण भ्यायचं कारण नाही. हिच्या आजूबाजूला फक्त टोचलेलीच जनावरं राहू द्या. ज्याच्या कानाला खूण असेल तेच जवळ बांधा. रोग तिच्यापर्यंत पोचणारच नाही.

रंभाबाईनं ते शब्द गाठीला बांधले. कानाला खूण. संध्याकाळी तिनं धोंडाबाईला विचारलं, धोंडाबाईनं कोंडाजीला विचारलं, आणि कोंडाजीनं सर्जाला आणून कुडाच्या भिंतीशी उभं केलं. त्याच्या कानात गोल भोक होतं, ओलं, कडेला रक्त सुकलेलं. बाकीच्यांच्या कानांना कडेला तिकोनी खाच होती, हे रंभाबाईनं चार दिवसांत पाहिलं, आणि पुन्हा विचारलंही. त्यावर कोंडाजीचं उत्तर आलं की शर्यतीच्या बैलाला सरकारची खूण निराळी असते, कान कापला तर वारा भरतो आणि बैल एका अंगाला ओढतो. रंभाबाईला ते पटलं. शर्यतीतलं तिला काय कळत होतं? आणि सांगणारा कोंडाजी होता.

पुढं जत्रा झाली. जत्रेनंतर बाराव्या दिवशी सर्जाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि सर्जानंतर आठवड्यानं कपिलीच्या. सर्जा गेला. कपिली आधी गाभडली, मग दोन दिवस मान टाकून पडून राहिली, मग तीही गेली. कोंडाजीनं स्वतः कुदळ घेऊन दोघांसाठी खड्डे खणले, कुणाला हात लावू दिला नाही. वरून चुना टाकताना तो खड्ड्याच्या काठावर बसला आणि हमसून हमसून रडला. रंभाबाई रडली नव्हती. तिनंच त्याला तांब्याभर पाणी आणून दिलं होतं, तोंड पदराआड ठेवून.

टोचलेला बैल मेला, ही बातमी बैलापेक्षा जोरात पळाली. महिन्याभरानं वाल्मीक पुन्हा गावात आला तेव्हा लोकांनी त्याला वेशीतच धरलं. त्याच्या पिशवीवर शेणाची पाटी उपडी केली ती रंभाबाईनं.

आज ती आणि वाल्मीक एकमेकांकडं बघत नव्हते.

"तर सर्जा," कोंडाजी म्हणाला. "बुळकांड्या आला आन् सर्जानं वैरणीला तोंड लावायचं सोडलं. म्या म्हनलं, का रं बाबा? त्यो बोलंना. दुसऱ्या दिशी बगतुया तर दावं तुटल्यालं, सर्जा गायब. सारं रान धुंडाळलं. कुटं गेला आसंल? गेला हुता पौडाला. नदीतनं पोहत. का? तर डॉक्टर आल्यात हे त्यानं कुणाच्या तरी तोंडून ऐकलं हुतं."

"कुणाच्या?" पिराजीनं विचारलं.

"तुझ्याच. तू मोठ्यानं बोलतुस."

माणसं हसली. खोड्यापाशी वाल्मीकनं एका म्हशीच्या मानेवरून सुई काढली, चिमटा उचलला, कानाच्या कडेला लावून दाबला आणि म्हैस सोडून दिली. तो ऐकत नव्हता असं दाखवत होता.

"डॉक्टर च्या पीत बसल्याले. सर्जा म्होरं गेला, गुडघं टेकलं आन् मान म्होरं केली. डॉक्टरनं सुई घातली. मोडली. दुसरी घातली, मोडली. तिसरीबी मोडली. मग साहेबानं पेटीच्या तळातनं हत्तीची सुई काढली."

"आबा, मागल्या खेपंला दोनच मोडल्या हुत्या."

"मागल्या खेपंला तू दोनच ऐकल्यास. तिसरी मोडली तवा तुझी शेरडं माझ्या हरभऱ्यात शिरली हुती, तू तिकडं पळालास."

आता धोंडाबाईच्या शेजारी बसलेल्या बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या. धोंडाबाई हसली नाही. ती खाली मान घालून मातीत काडीनं रेघा ओढत होती.

कोंडाजी थांबला. आरी पट्ट्यात घातली, फिरवली, बाहेर काढली. गोष्टीतली अवघड जागा आता येत होती, आणि ती त्याला ठाऊक होती. टोचलेला सर्जा मेला कसा? या एका प्रश्नावर पाच वर्षं सगळं गाव अडलं होतं, आणि रंभाबाई तर तिथंच उभी होती, दावं मनगटाला गुंडाळून.

"आता तुमी म्हणाल," तो सावकाश म्हणाला, "आबा, एवढी हत्तीची सुई टोचली तर बैल मेला कशानं? औशीद खोटं हुतं का? न्हाई. औशीद सोन्यासारखं हुतं. चूक माझी."

चावडीच्या कोपऱ्यात रंभाबाईनं मान किंचित वर केली.

"डॉक्टरनं सांगितलं हुतं, धा दिस जुपू नगंस, जनावराला ताप येतुया. आन् पाचव्या दिशी जत्रा. माझी मती फिरली. म्या सर्जाला गाड्याला जुपला. आरं, काय पळाला! शर्यतीच्या घाटाच्या खालनं सुटला त्यो वर पोचला, हिरवा झेंडा पडला, लोकांनी फेटं उडवलं, मी घरी आलो, जेवलो, झोपलो, आन् त्यानं उडवल्याला धुरळा जत्रंत दुसऱ्या दिशी पोचला. पण त्या पळण्यानं घात केला. घाम आला. कसला घाम! पाटासारखा व्हायला लागला, आन् त्या घामासंगं सारं औशीद अंगातनं भाईर. घाटाच्या मातीत जिरून गेलं. बैल रिकामा झाला. मग रोगानं गाठला त्याला. पिराजी, त्या साली तुझी शेरडं त्या घाटावर चरत हुती का न्हाई?"

"हुती."

"माती चाटली आसंल त्यांनी?"

"शेरडं चाटत्यात की माती."

"एक तरी मेलं का?"

पिराजीनं विचार केला. "न्हाई बा."

"मग?"

मोठा हशा उसळला. जयसिंगसुद्धा हसला, आणि हसता हसता त्याची नजर कोपऱ्याकडं गेली. रंभाबाई हसत नव्हती. पण तिच्या मनगटावरचा एक वेढा सुटला होता.

धुरळ्याचं आणि हत्तीच्या सुईचं खोटं तिला कळत होतं. पण त्या ढिगात एक खरा दाणा असावा असं तिला वाटलं. थोरल्या दिरानं सगळ्या गावासमोर 'चूक माझी' म्हटलं होतं, आणि ते तिच्यासाठी म्हटलं होतं. टोचून पाचव्या दिवशी बैल पळवला. म्हणून मेला. म्हणजे सुई खोटी नव्हती. म्हणजे हरणीला टोचायला हरकत नव्हती; हरणीला काही शर्यत पळायची नव्हती. तिनं दुसरा वेढा सोडला, तिसरा सोडला. नांद्याला राहणाऱ्या तिच्या भावानं दोन वर्षांमागं, तू गोठा रिकामा ठेवू नकोस म्हणून, ही कालवड तिच्या दारात आणून बांधली होती. ती आता माजाला आली होती. या पावसाळ्यानंतर गोठ्यात पुन्हा दूध येणार होतं.

ती हरणीला घेऊन चालत आली. रांगेतल्या लोकांनी लगोलग वाट दिली. ही बया पुन्हा मागं फिरायच्या आत टोचून होऊ दे, असं प्रत्येकाच्या मनात होतं.

वाल्मीकनं तिच्याकडं पाहिलं नाही. हरणीच्या पोटावरून हात फिरवला.

"गाभण नाही ना, बाई?"

तिनं मान हलवली.

"चौथ्या दिवसापासून अंग तापेल. वैरण कमी खाईल. घाबरू नका, उतरतं. दहा दिवस कामाला लावायची नाही."

तिनं पुन्हा मान हलवली. सुई आत गेली. हरणीनं मागचा पाय झाडला, रंभाबाईनं तिच्या वशिंडावर हात ठेवला. सगळं एका श्वासात झालं.

चिंचेखाली कोंडाजीनं हे तिरक्या नजरेनं पाहिलं आणि त्याच्या अंगावरून कुणीतरी पाटा उचलून घेतल्यासारखं झालं. पाच वर्षांचा पाटा. काम झालं होतं. कालवड वाचली होती. शहाण्या माणसानं इथं पट्टा गुंडाळला असता आणि घरी जाऊन भाकरी मागितली असती. पण गोष्ट रंगली होती, माणसं पुढं सरकून बसली होती, आणि अशा वेळी तोंड मिटणं कोंडाजीला आयुष्यात एकदाही जमलं नव्हतं.

"पर दिसायला!" तो म्हणाला. "बैल दिसायला कसा! शिंगांना शेंब्या, पाठीवर झूल, आन् कानात गोंडा. आमच्या हिनं रातभर बसून केल्याला. लालभडक, मुठीएवढा."

"आता पुरं करा की," धोंडाबाई मातीकडं बघत म्हणाली.

"का? लाजतीस व्हय? आवं, हिच्या हातचा गोंडा त्यो, जत्रंत पाटलीणबाईनं इचारला, कुटनं घेतला म्हणून. डॉक्टरनं कानाला पाडल्यालं सरकारी भोक, त्यातच ववला म्या त्यो. म्हनलं, सरकारची खूण हाय, तर जरा शोभून दिसू दे. सर्जा पळताना त्यो गोंडा असा उडत हुता, असा, जसा काय कानात पळस फुलला. घाट चढून वर आला तवा अंगावरचं सारं सुटून पडलं हुतं, झूल पडली, घुंगरं पडली. गोंडा मातूर हुता तिथंच. जरासुदीक हालला न्हाई."

वाल्मीकनं हरणीच्या कानाच्या कडेला चिमटा लावला आणि दाबला. कट्, असा आवाज झाला. नखाएवढा तिकोनी तुकडा धुळीत पडला. कानाच्या कडेवर रक्ताची बारीक रेघ उमटली.

रंभाबाई त्या खाचेकडं बघत राहिली. तिनं अंगठा पुढं नेला आणि खाचेत टेकवला. मग काढला. खाच बाहेरच्या बाजूला उघडी होती, जात्याच्या कडेचा टवका उडावा तशी. तिथं काही अडकवायला जागा नव्हती. तिनं पुन्हा अंगठा टेकवला. त्या साली सर्जा जत्रेतून आला तेव्हा दृष्ट काढायला तीच पुढं झाली होती. भाकरीचा तुकडा उतरून टाकताना तो लाल गोंडा तिच्या मनगटाला लागला होता. आणि पुढच्या बारा रात्री तोच गोंडा कुडाच्या भिंतीवरून कपिलीच्या तोंडापाशी हलताना तिनं पाहिला होता. खूण आहे, म्हणून ती झोपली होती.

"डॉक्टर," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण ती बोलली याचंच आश्चर्य होऊन जवळची माणसं वळली.

"ह्या चिमट्यानं गोल भोक पडतं का?"

वाल्मीकनं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. मग हातातल्या चिमट्याकडं. "नाही, बाई. खाचच पडते."

"शर्यतीच्या बैलाला दुसरा चिमटा आसतुया?"

 वाल्मीकनं चिमटा उघडला, मिटला. त्याच्या मनात काहीतरी हळूहळू जागेवर बसत होतं, हे त्याच्या कपाळावरून दिसलं. पाच वर्षं तो जिथं जाईल तिथं ती शेणाची पाटी त्याच्या आधी पोचत होती.

"नाही," तो म्हणाला. "गाय असो, बैल असो, शर्यतीचा असो. सगळ्यांना हाच. तेव्हाही हाच होता."

चिंचेखालचा हशा अजून पुरता विझला नव्हता. मागची माणसं कोंडाजीला पुढं काय, पुढं काय विचारत होती.  त्याच्या मांडीवर पट्टा होता, पट्ट्यात आरी अर्धी घुसलेली, आणि ती आत ढकलावी की बाहेर काढावी हे त्याच्या हाताला सुचत नव्हतं. धोंडाबाईनं हातातली काडी मोडली.

रंभाबाईनं हरणीचं दावं वाल्मीकच्या हातात दिलं. थोडा वेळ धरा, म्हणाली. मग ती चिंचेकडं चालत आली. माणसं बाजूला झाली, बायकांनी तिच्याकडं पाहिलं आणि मग एकमेकींकडं, कारण तिच्या डोईवरचा पदर खांद्यावर आला होता आणि तो सावरायला तिचा हात वर जात नव्हता. ती कोंडाजीसमोर उभी राहिली. लग्न होऊन या घरात आल्यापासूनच्या तेवीस वर्षांत पहिल्यांदा तिनं थोरल्या दिराच्या डोळ्यांत पाहिलं.

पिराजीनं काठीवरची हनुवटी उचलली.

"आबा," ती म्हणाली, "खाचंत गोंडा ऱ्हात न्हाई."